मेलेल्या कवीच्या तोंडी नवी नावे

14 डिसेंबर 2004 रोजी अमेरिकेत 'लॉयल टू द गेम' नावाचा रॅप-गीतांचा संग्रह बाजारात आला. गायक आणि कवी टुपाक शकूर. टुपाक त्याआधी आठ वर्षे, 13 सप्टेंबर 1996 रोजी, लास व्हेगासमध्ये गोळ्यांच्या जखमांनी मेला होता. मेलेल्या कलावंताचे जुने ध्वनिमुद्रण मागाहून बाहेर यावे यात नवल नाही. नवल वेगळेच आहे. या संग्रहात टुपाक 'जी-युनिट' या मंडळाचे नाव घेतो, आणि टुपाक जिवंत होता तोवर जी-युनिट अस्तित्वातच नव्हते. तो 'एम' असा पुकाराही करतो. हा 'एम' म्हणजे एमिनेम, संग्रहातील बहुतेक गाण्यांचा संगीत-संयोजक. एमिनेमची स्वतःची पहिली तबकडी टुपाकच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी निघाली.

हे घडले कसे, ते गूढ नाही. टुपाकने वेगवेगळ्या गाण्यांत उच्चारलेली अक्षरे आणि शब्दांचे तुकडे यंत्रावर कापले, एकमेकांना जोडले आणि त्यांतून नवी नावे तयार केली. शिवाय जिथे नवा ठेका जुन्या आवाजाशी जुळेना तिथे आवाजाची गती वाढवली किंवा कमी केली, पट्टी वरखाली केली. संग्रह विक्रीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आणि त्याच वेळी टुपाकच्या जुन्या चाहत्यांमध्ये संताप उसळला. हा आवाज टुपाकचा वाटत नाही, कुठे तो चिरका झाला आहे, कुठे ओढल्यासारखा वाटतो, असे ते म्हणू लागले. टुपाक ज्यांना कधी भेटला नाही त्यांची नावे त्याच्या तोंडी कोणी घातली, असा त्यांचा सवाल होता.

या संतापाकडे तेव्हा हसण्यावारी पाहिले गेले, आणि आजही पाहिले जाते. चाहते भाबडे असतात, आपल्या दैवताला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही, कला म्हटली की फेरफार आलाच, असे सांगितले जाते. माझे म्हणणे असे की या भांडणात चाहते बरोबर होते. आपण का बरोबर आहोत हे त्यांच्यातल्या पुष्कळांना नीट मांडता आले नसेल. ते काम समीक्षेचे आहे आणि समीक्षेने ते केले नाही.

हा विषय या पानांवर का, असे एखादा वाचक विचारील. टुपाकची आई अफेनी शकूर या न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या. एप्रिल 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या एकवीस पँथर्सवर बॉम्बस्फोटाच्या कटाचा खटला भरला गेला, त्यात त्या आरोपी होत्या. वकील न घेता त्यांनी कोर्टात स्वतःचा बचाव स्वतः केला. मे 1971 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, आणि एका महिन्याने, 16 जून 1971 रोजी, टुपाक जन्मला. म्हणजे हा मुलगा आईच्या पोटात असतानाच तुरुंग आणि कोर्ट पाहून आला. त्याचे नाव ज्या तुपाक अमारूवरून ठेवले त्याने 1780 साली पेरूमध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध बंड उभारले आणि पुढच्या वर्षी त्याचे हालहाल करून त्याला मारण्यात आले. दुसऱ्याच वर्षी, 1972 मध्ये, मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि तिने आपले नाव याच अमेरिकन पक्षावरून घेतले. तेव्हा नात्याने पाहिले तर हा मुलगा आपल्याला अगदीच परका नाही.

आता रॅपविषयी थोडे. रॅप म्हणजे ठेक्यावर झपाट्याने म्हटलेले काव्य, एवढे सांगून भागत नाही. 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जळक्या इमारती आणि बेकारी यांच्या मधोमध, हा प्रकार जन्मला. ज्याला कोणी विचारत नाही असा पोरगा हातात ध्वनिक्षेपक घेतो आणि पहिल्यांदा काय करतो? तो आपले नाव सांगतो. मग आपली गल्ली. मग आपल्याबरोबर कोण उभे आहे त्यांची नावे, आणि पुष्कळदा सालसुद्धा. ही नावे म्हणजे गाण्याभोवतीची सजावट नव्हे. मी अमुक आहे, अमुक ठिकाणचा आहे, माझ्या पाठीशी अमुक माणसे आहेत, अशी ती साक्ष आहे. आपल्याकडच्या शाहिराची नाममुद्रा आठवावी. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपले नाव आणि गाव घालतो, गुरूचे नाव घालतो. ते नाव बदलले तर पोवाड्याची चाल तशीच राहील, पण पोवाडा दुसऱ्याचा होईल.

टुपाकच्या बाबतीत तर नावे घेणे हा जीवनमरणाचा मामला होता. कोणाबरोबर आहोत आणि कोणाविरुद्ध आहोत हे त्याने उघड्यावर सांगितले, त्यातून मैत्र्या झाल्या, वैरे झाली. त्याच्या शेवटच्या दोन वर्षांतली गाणी या नावांवाचून वाचताच येत नाहीत. अशा माणसाच्या तोंडी नवे दोस्त घालणे म्हणजे त्याच्या सहीखाली नवा मजकूर लिहिण्यासारखे आहे.

संग्रहाचे शीर्षकगीतच पाहा. 'लॉयल टू द गेम' हे गाणे 2004 साली नव्याने सापडलेले नव्हते. 1994 साली 'अबव्ह द रिम' नावाचा चित्रपट आला, त्याच्या गाण्यांच्या कॅसेटवर ते होते. त्यात टुपाकबरोबर ट्रीच आणि रिडलर असे दोन साथीदार गातात. दहा वर्षांनी तेच नाव आणि टुपाकचे तेच शब्द घेऊन गाणे पुन्हा आले, तेव्हा ट्रीच नाही, रिडलर नाही. त्यांच्या जागी जी-युनिट. गाण्याचा विषय काय, तर इमान. ज्या गाण्यात साथीदारांशी इमान राखण्याची गोष्ट आहे त्या गाण्यातून साथीदारच काढून टाकले आणि कवीला नव्या मंडळाशी इमानदार करून टाकले. संयोजकाला यातली विसंगती जाणवली नसेल का? की जाणवूनही चालून गेली?

ही नवी नावे कोणाची होती हेही पाहिले पाहिजे, कारण इथे सौंदर्यशास्त्राची चर्चा संपते आणि हिशेबाची वही उघडते. टुपाकचा हा संग्रह अमारू आणि इंटरस्कोप या कंपन्यांतर्फे निघाला. जी-युनिटचे स्वतःचे लेबल इंटरस्कोपच्याच छत्राखाली होते. एमिनेमचे लेबलही त्याच छत्राखाली होते, आणि संग्रहात पाहुणा म्हणून आलेला ओबी ट्राइस एमिनेमच्या लेबलवरचा. म्हणजे मेलेला टुपाक ज्यांची नावे घेतो ते त्या वेळी त्याच दुकानात विक्रीला ठेवलेले गायक होते. काळ्या वस्तीतला सर्वांत विश्वासाचा आवाज, आणि त्या आवाजात चालू मालाची जाहिरात. टुपाकने जिवंतपणी कोणाची भलामण केलीच नाही असे नव्हे, खूप केली. पण ती त्याने स्वतः केली, आणि तिची किंमतही स्वतः मोजली.

एमिनेमवर अन्याय होता कामा नये. तो डेट्रॉइटच्या गरीब, बहुतांशी काळ्या वस्तीत वाढलेला, टुपाकची गाणी तोंडपाठ असलेला माणूस आहे. त्याने अफेनी शकूर यांच्याकडे हे काम आपण होऊन मागितले. ज्याला आपण मोठे मानले त्याच्या ध्वनिफिती हाताळायला मिळणे हे त्याच्या लेखी भाग्य होते. काही चाहत्यांनी त्याच्या गोरेपणावर बोट ठेवले. मला ते पुरेसे वाटत नाही. काळ्या संयोजकांनीही आधीच्या मरणोत्तर संग्रहांत जुने साथीदार गाळून नवे पाहुणे बसवले होते, त्यावरही तक्रारी होत्याच. फरक एवढाच की तिथे टुपाकच्या शेजारची माणसे बदलली, इथे टुपाकच्या तोंडचे शब्द बदलले. आणि हे द्वेषाने झालेले नाही, भक्तीने झाले आहे. माझे दैवत माझे नाव घेते आहे, हे ऐकण्याची भक्ताची ओढ मी समजू शकतो. पण म्हणून ती मूर्ती बोलली असे धरून चालता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आईची संमती होती. अफेनी शकूर यांनी मुलाच्या मृत्यूनंतर डेथ रो या कंपनीशी झगडून त्याच्या अप्रकाशित ध्वनिफितींवर हक्क मिळवला, 1997 साली अमारू ही स्वतःची कंपनी काढली. मिळणाऱ्या पैशांतून त्यांनी मुलाच्या नावाने संस्था चालवली, जॉर्जियातील स्टोन माउंटन येथे मुलांसाठी कलाकेंद्र उभे केले. स्टोन माउंटन हे कू क्लक्स क्लॅनच्या पुनर्जन्माचे गाव. तिथे एका पँथर बाईने काळ्या पोरांना नाटक आणि नाच शिकवण्याची जागा बांधली, हे काही लहान काम नव्हे. ज्या घरात कंपनी सगळे लुटून नेणार होती तिथे आईने ते परत घरात आणले. काळ्या कलावंताच्या इतिहासात असे किती वेळा घडले आहे? तेव्हा आम्ही चाहते कोण आईला विचारणारे, हा प्रश्न कोणालाही गप्प करील. मीही काही काळ गप्प होतो.

पण मालकी आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसाला ध्वनिफीत विकण्याचा, न विकण्याचा, जाळून टाकण्याचाही हक्क असू शकतो. त्या फितीवरच्या माणसाने जे म्हटले नाही ते त्याने म्हटले असे सांगण्याचा हक्क वारसालाही नसतो. मृताचे घर वारसाकडे जाते, मृताची जबानी जात नाही.

हे मला कळायला माझ्याच पहिल्या कथेची आठवण उपयोगी पडली. कॉलेजात असताना मी एका नियतकालिकाला कथा पाठवली होती. नियतकालिकाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. कथेत 'म्हारवाडा' हा शब्द सात-आठ ठिकाणी होता. कथा छापून आली तेव्हा सगळीकडे 'गावाबाहेरची वस्ती' झाले होते. आईच्या तोंडचे 'आमी' जाऊन 'आम्ही' आले होते. संपादक सज्जन होते, कथेचे त्यांनी कौतुकही केले होते, शब्द बोचरा वाटू नये म्हणून त्यांनी तो मऊ केला होता. बापाला वाचता येत नव्हते. मी कंदिलाजवळ बसून त्याला कथा वाचून दाखवली. त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "ही कुठली वस्ती म्हणायची?" मी त्याला काय सांगणार होतो? कथेवर नाव माझेच होते.

ते आठवले म्हणजे टुपाकच्या चाहत्याचा संताप मला भाबडा वाटत नाही. तोही तेच विचारतो आहे.

हे चाहते नुसते रडत बसले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. टुपाक वेगाने काम करणारा होता. शेवटच्या वर्षात तर तो एकामागून एक गाणी ध्वनिमुद्रित करीत सुटला होता. त्याने जिवंतपणी चार संग्रह स्वतःच्या नावे काढले, मेल्यानंतर त्याहून अधिक निघाले. या ढिगाऱ्यातल्या कितीतरी मूळ फिती चोरून, नकला होऊन, वर्षानुवर्षे चाहत्यांमध्ये फिरत होत्या. नवा संग्रह आला की ते जुनी नक्कल शेजारी ठेवत आणि ओळीओळीने ताडून पाहत. इथे एक ओळ गाळली आहे, इथे गती वाढवली आहे, इथला दोस्त बदलला आहे, या शब्दाचा पूर्वार्ध दुसऱ्या गाण्यातला आहे. विद्यापीठात आपण याला पाठचिकित्सा म्हणतो आणि तिच्यावर पदवी देतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांवर हे काम झाले की ते विद्वत्ता ठरते, ऑकलंडच्या किंवा ब्रुकलिनच्या पोरांनी कॅसेटवर केले की वेड ठरते. त्यांच्याजवळची साधने चोरीची होती हे खरे. पण अधिकृत आवृत्ती बनावट आणि चोरीची नक्कल अस्सल, अशी परिस्थिती ज्यांनी आणली त्यांनी चोरीची तक्रार करावी हे मजेशीर आहे.

गतीबद्दल मात्र वेगळे बोलले पाहिजे. पट्टी बदलणे आणि नाव घालणे ही दोन पापे एका तराजूत तोलता येत नाहीत. संयोजक नवा ठेका देतो, ठेका जलद असेल तर जुना आवाज ओढून त्यात बसवावा लागतो. फीत जलद फिरवली की आवाज बारीक होतो हे आपण लहानपणी ग्रामोफोनवर ऐकलेले आहे. आजची यंत्रे गती आणि पट्टी वेगवेगळी हलवू शकतात, म्हणून फसवणूक कमी जाणवते, इतकेच. पण रॅपमध्ये अर्थ केवळ शब्दांत नसतो, तो श्वासात असतो. टुपाक कुठे शब्द लांबवतो, कुठे ठेक्याच्या किंचित मागे राहतो, कुठे एकदम आवाज चढवतो, यात त्याचे सारे काव्य आहे. तो आपलाच आवाज दोन-तीनदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवत असे, त्यामुळे एक माणूस बोलत असताना पाठीमागे त्याचाच जमाव उभा असल्यासारखे वाटते. असा थरांचा आवाज खेचला की थर सुटतात. श्वास घ्यायची जागा अर्धी होते. माणूस बोलतो आहे पण दम घेत नाही, असे काहीतरी कानाला खटकते, आणि ज्याने ते गाणे शंभरदा ऐकले आहे त्याच्या कानाला ते आधी खटकते. एमिनेमची ठेका रचण्याची स्वतःची एक धाटणी आहे, ती त्याच्या स्वतःच्या गाण्यांना शोभते. टुपाकचा आवाज त्या धाटणीत वाकवण्यापेक्षा धाटणीनेच वाकायला हवे होते. तरीही हा अभिरुचीचा दोष म्हणून मी सोडून देईन. नव्या चालीवर जुनी पदे म्हणण्याची रीत आपल्याकडेही आहे, आणि ती वाईट नाही.

याच संग्रहातले 'घेट्टो गॉस्पेल' हे गाणे त्याचा दाखला आहे. 2005 च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. त्याच्या धृपदासाठी एल्टन जॉन यांच्या 1971 च्या 'इंडियन सनसेट' या गाण्याचा तुकडा वापरला आहे, आणि ते गाणे अमेरिकेतल्या मूळनिवासी योद्ध्याविषयी आहे. एका गोऱ्या इंग्रजाने गायिलेला मूळनिवाशाचा शोक आणि काळ्या पोराचे कडवे एकाशेजारी एक येतात. टुपाक आणि एल्टन जॉन यांनी हे गाणे एकत्र बसून केलेले नाही हे ऐकणाऱ्याला माहीत असते. कोणी तसे भासवतही नाही. ते धृपद टुपाकच्या तोंडी घातलेले नाही, ज्याचे आहे त्याच्याच गळ्यातून येते. म्हणून ज्यांनी बाकीच्या संग्रहाला नाके मुरडली त्यांतल्या पुष्कळांनी हे गाणे मनापासून जवळ केले. चाहत्यांना बदल चालतच नाही, हा आरोप इथे टिकत नाही.

आता आपल्या घरातला एक प्रसंग, कारण त्यावाचून माझा मुद्दा पुरा होत नाही. 1987 साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. बाबासाहेब जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ झाला, ते परिशिष्ट काढून टाका अशी मागणी झाली. 1988 च्या आरंभी दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. तिचे मागणे काय होते? आमच्या माणसाने लिहिले ते जसेच्या तसे राहू द्या. शेवटी मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत आहेच असे नाही, अशी टीप जोडली गेली.

त्या खंडाची आणखी एक गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी ते पुस्तक छापखान्यात पाठवण्याजोगे पुरे केलेले नव्हते. सुटी प्रकरणे, टंकलिखित कागद, काही ठिकाणी पाने नाहीत, अशी अवस्था होती. म्हणजे अपुरे काम हाती आलेला संपादक तिथेही होता. वसंत मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? जिथे पान सापडले नाही तिथे सापडले नाही असे लिहिले. जिथे मजकूर अर्ध्यावर तुटतो तिथे तो तुटतो असे नोंदवले. बाबासाहेबांची वाक्ये इकडूनतिकडून उचलून एखादी पोकळी भरून काढणे त्यांना जमले नसते असे थोडेच आहे? तसे केले असते तर पुस्तक अधिक गुळगुळीत झाले असते, आणि विरोधकांना दुसऱ्याच दिवशी हत्यार मिळाले असते. मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्यांना आपण कशाचे रक्षण करतो आहोत हे मग सांगता आले नसते.

एका महापुरुषाचा ग्रंथ आणि एका पंचविशीतल्या रॅप-गायकाची फीत यांची तुलना काही वाचकांना रुचणार नाही. मी योग्यतेची तुलना करीत नाही. मेलेल्या माणसाचे अपुरे शब्द हाती आले की जिवंत माणसाने काय करायचे, एवढाच प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे.

चाहत्यांनाही एक कडू गोष्ट ऐकवली पाहिजे. अस्सल टुपाक हवा, तर तो सगळा घ्यावा लागेल. 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' मध्ये कोवळ्या वयात आई झालेल्या मुलीचे दुःख सांगणारा आणि 'डिअर मामा' मध्ये व्यसनात बुडालेल्या आईला कुशीत घेणारा टुपाक जसा खरा, तसा बायकांना शिव्या घालणारा आणि लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात 1995 साली तुरुंगात गेलेला टुपाकही खरा. 'डिअर मामा' अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2010 साली जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत नोंदवले. आता फेरफार करायचीच म्हटली तर उद्या कोणी भला माणूस त्याच्या शिव्याही काढून टाकील, आणि मग जे उरेल ते शाळेत लावता येईल. चाहत्यांतल्या काहींना नव्या दोस्तांची नावे खटकतात पण दैवताचे असे शुद्धीकरण खटकणार नाही, अशी मला शंका आहे. ज्या कारणासाठी 'जी-युनिट' नको त्याच कारणासाठी ते शुद्धीकरणही नको.

या फेरफारीने आणखी एक विचित्र परिणाम केला. टुपाक मेलेलाच नाही, कुठेतरी लपून राहिला आहे, अशी अफवा त्याच्या चाहत्यांत मृत्यूनंतर लगेच सुरू झाली होती. गरिबांच्या नायकांबद्दल अशी अफवा नेहमीच उठते, ती शोकाचाच एक प्रकार असते. पण मेलेला माणूस वर्षाआड नवे संग्रह देऊ लागला, त्याच्या हयातीत नसलेल्या माणसांना हाका मारू लागला, तेव्हा त्या अफवेला कंपनीनेच पुरावा पुरवल्यासारखे झाले. 2012 च्या एप्रिलमध्ये तर कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात पडद्यावरच्या प्रकाशातून टुपाकची आकृती उभी केली गेली. तिने जमलेल्या लोकांना कोचेलाचे नाव घेऊन हाक दिली. तो महोत्सव 1999 साली सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 2004 मध्ये नाव घातले तेव्हा संताप झाला होता, आठ वर्षांनी आकृतीच घातली तेव्हा तो कमी झाला होता. सवय होते.

आणि मग एप्रिल 2024. ड्रेक या गायकाने केंड्रिक लामारशी चाललेल्या भांडणात एक गाणे काढले आणि त्यात यंत्राने बनवलेल्या टुपाकच्या आवाजाकडून आपल्या प्रतिस्पर्ध्याला डिवचवले. इथे टुपाकची एकही फीत कापावी लागली नाही. शब्द ड्रेकचे, गळा कोणाचाच नाही, ओळख मात्र टुपाकची. या वेळी वारसांच्या वकिलांनी नोटीस दिली, वारसांनी याला कधीच परवानगी दिली नसती असे सांगितले, आणि ड्रेकने गाणे काढून घेतले. अफेनी शकूर तेव्हा हयात नव्हत्या, त्या 2016 साली गेल्या. वारसांनी केले ते योग्यच केले. पण ज्या तत्त्वावर त्यांनी 2024 मध्ये नोटीस दिली ते तत्त्व 2004 च्या संग्रहाला लावले तर काय होईल? त्या संग्रहातल्या अक्षरांना निदान टुपाकच्या छातीतली हवा लागलेली होती, एवढाच काय तो फरक. वाक्य त्याचे नव्हते, हे दोन्हीकडे सारखेच.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती कोणत्याही संगीत-संयोजकाला पेलण्यासारखी आहे. ठेका नवा द्या. पाहुणे बोलवा, पण जुन्या साथीदारांना गाळून नव्हे. आवाज ओढला असेल तर वेष्टनावर तसे छापा. जिथे कवीने वाक्य पुरे केले नाही तिथे ते अपुरे ठेवा, त्या जागी नुसता ठेका वाजू द्या. आणि मूळ फीत, आहे तशी, खरखरीसकट, त्याच संग्रहात शेवटी द्या, म्हणजे ज्याला ताडून पाहायचे त्याला चोरीच्या नकलेवर अवलंबून राहावे लागणार नाही.

तोवर ज्यांच्याकडे 1994 ची ती कॅसेट आहे त्यांनी ती ओलाव्यापासून जपावी. त्या कॅसेटवर ट्रीच आणि रिडलर अजून गात आहेत.